कोणते रघुजी? नागपूरच्या फलक लावणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
नागपुरात जयंती-पुण्यतिथीचे फ्लेक्स लावणारी मंडळं, स्मरणिका काढणाऱ्या समित्या, वारसा-फेरी नेणारे हौशी मार्गदर्शक आणि शाळांसाठी इतिहासाच्या प्रश्नमंजूषा तयार करणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, रडगाणं मागाहून. कुठल्याही ऐतिहासिक माणसाचं नाव फलकावर लिहाल, तेव्हा त्याच्या वडिलांचं नाव आणि त्याच्या कारकिर्दीची सालं सोबत लिहा. एवढंच. पैसे वाढत नाहीत. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो, अक्षरांवर नसतो.

मी नागपूरच्या महाल भागात छपाईचा धंदा करतो. आधी खिळे जुळवायचो, मग ऑफसेट आलं, आता निम्मा धंदा फ्लेक्सचा. म्हणजे तुमचा इतिहास चौकात लागण्याआधी माझ्या पडद्यावरून जातो. गेल्या वर्षी एका मंडळाचं मॅटर रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर आलं. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण पोरं चांगली आहेत आणि बिल वेळेवर देतात. मॅटर असं होतं: नागपूरचे संस्थापक राजे रघुजी भोसले, राजर्षी शाहू महाराजांकडून सेनासाहेबसुभा पदवी, बंगाल-ओडिशापर्यंत दरारा, अडगावला इंग्रजांशी लढाई, सीताबर्डीचा रणसंग्राम, निधन १८५३. खाली मोबाइलवरून उतरवलेलं एक चित्र, ते कोणाचं हे देवालाच ठाऊक.

मी फोन केला. म्हटलं, बंगालवर पहिली मोठी स्वारी १७४२ सालची. तेव्हा फौज पाठवणारा माणूस १८५३ ला वारला म्हणता, मग राजे जगले किती? पलीकडून उत्तर आलं, ‘भाऊ, रघुजी म्हणजे रघुजी. तुम्ही काहून फाटे फोडून राह्यले? सकाळी सातला मिरवणूक आहे.’

तर हे पत्र त्या फाट्यांविषयी आहे. मिरवणूक आता होऊन गेली आहे, निवांत वाचा.

नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तीन राजे बसले. पहिले रघुजी बिंबाजी. शाहू छत्रपतींच्या दरबारातून सेनासाहेबसुभा होऊन वऱ्हाडात आले, देवगडच्या गोंड घराण्यातल्या भाऊबंदकीत मध्यस्थ म्हणून शिरले आणि नागपूर त्यांचं झालं. बंगालच्या स्वाऱ्या यांच्या. त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलिवर्दी खानानं १७४४ मध्ये बोलणीसाठी तंबूत बोलावून सरदारांसकट मारलं. तरी रघुजींनी पिच्छा सोडला नाही. १७५१ च्या तहात ओडिशा आणि सालीना बारा लाखांची चौथाई पदरात पडली. १७५५ मध्ये ते गेले.

दुसरे रघुजी हे त्यांचे नातू, मुधोजींचे पुत्र, पण दत्तक गेले चुलते जानोजींना. यांच्या कारकिर्दीत १८०३ चं इंग्रजांशी युद्ध झालं. २९ नोव्हेंबरला अडगावला हार झाली, पुढच्याच महिन्यात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. आजोबांनी मिळवलेला कटकचा मुलूख या तहानं गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाडही गेलं. १८१६ मध्ये ते वारले.

तिसरे रघुजी जन्मानं रघुजी नव्हतेच. त्यांचं नाव बाजीबा. दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा हा मुलगा, गुजर घराण्यातला. १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांना काढलं, तेव्हा या अल्पवयीन पोराला दत्तक घेऊन गादीवर बसवलं आणि रघुजी हे नाव दिलं. कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या हाती, तो १८२६ पर्यंत. ११ डिसेंबर १८५३ ला हे तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं.

आता तुमच्या फ्लेक्सकडे परत बघा. एका रघुजींनी ओडिशा मिळवला, दुसऱ्यांनी गमावला, तिसऱ्यांच्या मरणानंतर गादीच गेली. तिघांचा एकच राजा केला की त्याचं चरित्र असं होतं: यानं मिळवलं, यानंच घालवलं आणि यानंच इंग्रजांना देऊन टाकलं. मिरवणुकीत ज्यांचा जयजयकार चालला आहे त्यांच्यावरच खापर फुटतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. उलटही होतं. बंगालमध्ये बर्गींच्या, म्हणजे मराठी स्वारांच्या, नावानं आजही पोरांना झोपवतात, कारण त्या स्वाऱ्यांत गावंच्या गावं जळाली. तो हिशेब पहिल्या रघुजींच्या फौजेचा आहे. तो बाजीबाच्या डोक्यावर कशाला? बाजीबाला राज्य मिळालं तेव्हा त्याला विचारलं तरी होतं का कोणी?

आणि सीताबर्डी? ती यांपैकी कोणाचीच नाही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची ती लढाई आप्पासाहेबांच्या फौजेची. आप्पासाहेब म्हणजे मुधोजी व्यंकोजी भोसले, दुसऱ्या रघुजींचे पुतणे. रघुजींचा मुलगा परसोजी त्याच वर्षी मारला गेला आणि हे गादीवर आले. तो खून यांनीच करवला असा संशय तेव्हापासून आहे. सीताबर्डीनंतर इंग्रजांच्या कैदेत पडले, वाटेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आधारानं राहिले, पुढे भटकत भटकत जोधपूरला पोचले आणि तिथेच १८४० मध्ये वारले. एवढा मसाला असलेला माणूस, आणि आपण त्याची लढाई काढून रघुजींच्या नावावर टाकतो. माझ्या दुकानात रघुजींचे फ्लेक्स दरवर्षी छापतात. आप्पासाहेबांचा एकही फ्लेक्स कोणी छापून नेल्याचं मला आठवत नाही.

नावं इतकी सारखी का, याचं उत्तर आपल्या घराघरात आहे. नातवाला आजोबांचं नाव. पहिल्या रघुजींचे वडील बिंबाजी, म्हणून त्यांच्या एका मुलाचं नाव बिंबाजी. हे धाकटे बिंबाजी छत्तीसगडात रतनपूरला राहून कारभार करत होते. म्हणजे बिंबाजीचा रघुजी आणि रघुजीचा बिंबाजी! मुधोजींचा नातू मुधोजी, तेच आप्पासाहेब. रघुजींचा नातू रघुजी. त्या रघुजींचा मुलीकडून नातू, तोही रघुजी. घराण्याचा मूळ कर्ता पुरुष परसोजी, म्हणून दुसऱ्या रघुजींच्या मुलाचं नाव परसोजी. घरात हाका मारायची सोय म्हणून त्यांनी टोपणनावं केली: आप्पासाहेब, चिमणाबापू, मन्याबापू. अडगावला नागपूरच्या फौजेचं नेतृत्व करणारे व्यंकोजी ते मन्याबापू, आप्पासाहेबांचे वडील. आजोबांचं नाव घेऊन नातवाला ‘अरे रघुजी’ म्हणायचं कसं, हा प्रश्न सुनांना पडतच असणार.

पण बघा, याच रिवाजात त्यावरचा उताराही आहे. आजोबा आणि नातू यांचं नाव एक असतं, पण मधलं नाव बहुधा वेगळं असतं. रघुजी बिंबाजी, रघुजी मुधोजी. मुधोजी रघुजी, मुधोजी व्यंकोजी. बिंबाजी रघुजी म्हटलं की धाकटे, बस्स. शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव लिहिणारे आपण, आणि राजाच्या फलकावर मात्र नुसतं पाळण्यातलं नाव आणि पुढे ढीगभर विशेषणं. दत्तकाचं तेवढं सांभाळावं लागतं. दुसऱ्या रघुजींना काही ठिकाणी जानोजींचा मुलगा म्हणून लिहिलेलं सापडेल, ते खोटं नाही. अशा वेळी दोन्ही लिहा. जागा नसेल तर ‘श्रीमंत’, ‘शूरवीर’, ‘रणधुरंधर’ यांतलं एखादं काढा. मागे एका मॅटरमध्ये नावाआधी इतकी विशेषणं होती की नाव तिसऱ्या ओळीत आलं.

‘पहिले’, ‘दुसरे’ लिहिलं तर नाही का चालणार? चालेल, पण त्यावर विसंबू नका. हे आकडे पुढच्यांनी चिकटवलेले आहेत. पहिले रघुजी स्वतःला पहिले म्हणवून घेत नव्हते, पुढे अजून दोन येणार आहेत हे त्यांना कुठून ठाऊक? आणि आकडा कोणत्या गादीचा, हा घोळ वेगळाच. शाहूंचंच घ्या. साताऱ्याच्या गादीवर शाहू छत्रपती, संभाजी महाराजांचे पुत्र, कारकीर्द १७०७ ते १७४९. रघुजींना सेनासाहेबसुभा केलं ते यांनी. त्याच गादीवर पुढे दुसरे शाहू, पेशवाईच्या अखेरच्या काळातले. आणि राजर्षी शाहू कोल्हापूरचे, जन्म १८७४. ज्या मॅटरमध्ये राजर्षी शाहू रघुजींना पदवी देतात, तिथे देणारा घेणाऱ्याच्या मरणानंतर एकशे एकोणीस वर्षांनी जन्मतो. तरी राजर्षींचा नागपूरशी संबंध नाही असं नाही. मे १९२० मध्ये नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्ष राजर्षी शाहू होते आणि बाबासाहेब त्या परिषदेत होते. तो फ्लेक्स करा की! मी स्वतः मॅटर लिहून देतो.

राजर्षींचं मूळ नावही वेगळं, यशवंतराव, कागलच्या घाटग्यांच्या घरातलं. दत्तक गेले आणि शाहू झाले. आपल्या बाजीबासारखंच. झाशीतही तेच. गंगाधररावांनी मरणाच्या तोंडावर आनंदराव नावाच्या मुलाला दत्तक घेतलं आणि आपल्या गेलेल्या मुलाचं दामोदर हे नाव त्याला दिलं. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले, म्हणजे नागपूरच्या रघुजींच्या वीस दिवस आधी. नागपुरात रघुजींच्या मागे राण्यांनी दत्तक घेतलेल्या यशवंतरावांना जानोजी केलं, पण इंग्रजांनी राज्य काही दिलं नाही. दत्तकाचं नाव बदलायचं ते उगीच नाही. नाव चालू राहिलं म्हणजे गादी चालू राहिली, असा तो दावा होता. डलहौसीला तो दावा नको होता. नावांचा हा घोळ निव्वळ योगायोग नाही, त्यात राजकारणही होतं, हे तुमच्या वारसा-फेरीत एकदा सांगून बघा. लोक थांबून ऐकतील.

टोपणनावं तरी एकट्याची असतील असं वाटेल, तर तेही नाही. आप्पासाहेब भोसले दोन. एक आपले मुधोजी, सीताबर्डीचे. दुसरे साताऱ्याचे शहाजी, प्रतापसिंहांचे भाऊ, १८४८ मध्ये गेले आणि डलहौसीनं त्यांचं राज्य घेतलं. दोघेही आप्पासाहेब, दोघेही भोसले, दोघांची गाठ इंग्रजांशी. पण साताऱ्याचं घराणं निराळं आणि नागपूरकर भोसले हिंगणीचे. आप्पांवरून चिमाजी आप्पाही दोन आहेत, एक १७३९ ला वसई जिंकणारे आणि दुसरे धाकट्या बाजीरावांचे भाऊ, ज्यांना १७९६ मध्ये थोडे दिवस पेशवेपदावर बसवलं होतं. बाजीराव दोन हे तर सगळ्यांनाच माहीत, त्यावर शाई घालवत नाही.

प्रश्नमंजूषावाल्यांसाठी एक खास गंमत काढून ठेवली आहे. एका स्पर्धेची पुस्तिका माझ्याकडे छापायला होती. त्यात प्रश्न, ‘चांद सुलतान कोण?’ आणि उत्तर, ‘अहमदनगरची शूर राणी’. आता अहमदनगरची चांदबीबी, जिला चांद सुलताना म्हणतात, ती १६०० च्या सुमारास मारली गेली. आपला चांद सुलतान हा नागपूरचा गोंड राजा, बख्त बुलंदचा वारस, अठराव्या शतकातला. ज्या बख्त बुलंदनं बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं, त्याचं संस्थापकपण तुम्ही रघुजींना देऊन टाकता ते देताच. आता त्याच्या वारसालाही बाई करून नगरला धाडून दिलं! नागपूरला तटबंदी केली, जुम्मा तलाव बांधवला तो हा माणूस. १७३९ च्या सुमारास तो वारला, वली शहानं गादी बळकावली, तेव्हा त्याच्या विधवेनं, राणी रतनकुंवरनं, रघुजींना मदतीला बोलावलं. भोसले नागपुरात शिरले ते या दारानं.

खरी गंमत पुढे आहे. चांदबीबीचा भाऊ बुऱ्हाण निजामशहा, आणि तिनं नगरचा किल्ला लढवला तो अकबर बादशहाच्या फौजेशी. इकडे चांद सुलतानचे दोन मुलगे, बुऱ्हाण शहा आणि अकबर शहा! भावाभावांत वाजलं, रघुजींनी बुऱ्हाण शहाची बाजू घेतली, अकबर शहा परागंदा झाला. बुऱ्हाण शहाला नावापुरतं राजेपण ठेवून महालातल्या गोंडराजाच्या किल्ल्यात बसवलं आणि सत्ता भोसल्यांनी घेतली. चांद, बुऱ्हाण, अकबर, तिन्ही नावं दोन्ही गोष्टींत. मध्ये दीडशे वर्षं. नुसत्या नावांवर उत्तर ठरवलं तर शाळेतलं पोरगं बरोबर लिहून चूक ठरेल, आणि ठरलंही असेल. याच रघुजींनी १७४१ मध्ये तिरुचिरापल्ली घेऊन ज्याला पकडून साताऱ्याला पाठवलं त्याचं नाव चंदासाहेब, तो कर्नाटकातला. आणि चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. ‘रघुजी आणि चांद’ एवढाच प्रश्न विचारला तर चार उत्तरं निघतील. विचारूच नका.

रघुजींचंही तसंच. रघुजी आंग्रे कुलाब्याचे. राघोजी भांगरे अकोले भागातले, इंग्रजांविरुद्ध उठलेले, १८४८ मध्ये ठाण्याला फाशी गेलेले. तो माणूस स्वतःच्या नावानं उभा राहण्याइतका मोठा आहे. त्याला भोसल्यांच्या फ्लेक्सवर ‘क्रांतिवीर’ म्हणून बसवायची गरज नाही. हसू नका, असं मॅटरही येऊन गेलं आहे.

मग तलवारीचा विषय. २०२५ मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना रघुजी भोसल्यांची तलवार परत आणली. नागपूरकर म्हणून मला आनंद झाला, दुकानात पेढे वाटले गेले. ती पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाते. पात्यावर नाव आहे आणि सेनासाहेबसुभा ही पदवी आहे. पण विचार करा, तेच नाव आणि तीच पदवी नातवाचीही होती. नाव वाचून मालक ठरत नाही, पातं कुठल्या घडणीचं, मूठ कुठल्या काळातली, त्यावर सोन्याचं काम कसलं, हे सगळं जाणकारांना बघावं लागतं. आपण तलवारीखाली फलक लावताना मात्र ‘राजे रघुजी’ लिहून मोकळे होऊ. तिथे तरी ‘रघुजी बिंबाजी भोसले, निधन १७५५’ असं लिहा. इतकी मोठी रक्कम मोजली आहे, मधलं नाव फुकट मिळतं.

वारसा-फेरीवाल्यांशी बोलायचं राहिलं. महालाजवळच्या काशीबाई देवस्थानात भोसल्यांच्या समाध्या आहेत. तिथे पेशव्यांच्या काशीबाईंची गोष्ट सांगू नका. ही काशीबाई भोसल्यांच्या घरातली. आणि रामटेक-नगरधनला नेता तेव्हा जरा दम खा. रामटेकच्या पायथ्याशी एक मार्गदर्शक पाहुण्यांना सांगत होते की प्रभावतीगुप्ता ही चाणक्यानं घडवलेल्या चंद्रगुप्ताची मुलगी. चाणक्याचा चंद्रगुप्त मौर्य, इसवी सनापूर्वी ३२१ च्या सुमाराचा. प्रभावतीचे वडील गुप्त घराण्यातले दुसरे चंद्रगुप्त, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरचे. मध्ये सातशे वर्षं. शिवाय गुप्तांत चंद्रगुप्त दोन, मध्ये समुद्रगुप्त, म्हणजे पुन्हा आजोबा आणि नातू! आणि तिचं सासर वाकाटकांचं, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याचं, तिथेही पहिले रुद्रसेन, मग पृथ्वीषेण, मग दुसरे रुद्रसेन. रघुजींच्या घराण्याचा रिवाज नगरधनला सोळाशे वर्षांपूर्वी चालू होता.

आणि बाईनं काय केलं ऐका. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलगे लहान, ती नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून, राज्य चालवत होती. तिनं दिलेल्या ताम्रपटात तिनं आपल्या माहेरची वंशावळ कोरवली: महाराज घटोत्कच, त्यांचा चंद्रगुप्त, त्यांचा समुद्रगुप्त, त्यांचा चंद्रगुप्त, आणि त्यांची मुलगी मी. घटोत्कच हे नाव बघून भीमाच्या मुलाकडे धावू नका, हा गुप्त घराण्यातला, पहिल्या चंद्रगुप्ताचा बाप आहे. बापाचं, आजाचं, पणजाचं नाव तांब्यावर कोरायला सोनं लागत नसलं तरी मेहनत लागते, आणि तिनं ती केली. म्हणून आज आपल्याला कळतं, ती कोणत्या चंद्रगुप्ताची. आपल्या नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे असे कोरीव लेख वाचून, जुळवून, छापून ठेवले. त्या लेखांत नावापुढे नाव आणि मागे बाप असतो म्हणून त्यांना राजे ओळीनं लावता आले. तुमच्या फ्लेक्सवरून पुढच्या कोणा मिराशींनी काय लावायचं?

आईच्या नावानंही काम भागत नाही हे जाता जाता सांगून टाकतो, कारण आता राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव येतं आणि ते चांगलंच झालं. सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाकाटकांतही एक गौतमीपुत्र होता, पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा. तो बापाच्या आधीच वारला आणि गादी त्याच्या मुलाला मिळाली, तेच पहिले रुद्रसेन. दोघांच्याही आया गौतमी. तेव्हा आई लिहा, बाप लिहा, साल लिहा. तीन गोष्टी जुळल्या की माणूस हाती लागतो.

तुमचं एक उत्तर मला आधीच ऐकू येतं: लोक फ्लेक्स वाचत नाहीत हो भाऊ, चेहरा बघतात. मान्य. पण चेहराही तसाच आलेला असतो. मोबाइलवर ‘रघुजी राजे’ टाकलं की पहिलं जे चित्र येतं ते तुम्ही मला पाठवता, आणि तेच चित्र तीन वेगळ्या मंडळांकडून तीन वेगळ्या रघुजींसाठी माझ्याकडे आलेलं आहे. एकदा तर त्यावर दुसऱ्याच प्रकाशनाचा शिक्का होता, तो पुसून द्या म्हणाले. पुसून दिला नाही. चित्र कुठलं आणि कोणाचं हे ठाऊक नसेल तर ते लावू नका. नाव, मधलं नाव, सालं, एक काम. मोठ्या अक्षरात तेही देखणं दिसतं, दाखवू शकतो.

माझ्याकडून एवढं करतो. या पुढे इतिहासाचं मॅटर आलं की प्रूफ पाठवताना मधल्या नावाची आणि सालाची जागा रिकामी ठेवून पाठवीन. ती भरून आली की मशीन चालू. भरता येत नसेल तर फोन करा, मिळून शोधू, त्याचे पैसे लावत नाही. फक्त मॅटर मिरवणुकीच्या आदल्या रात्री अकराला पाठवू नका. तेव्हा मी शोधत बसणार नाही, आणि रघुजीही सापडणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
महालातला एक छपाईवाला
नागपूर